प्रकल्पाला गिऱ्हाईक हवे

दिवाळीची सुट्टी संपली की शाळाशाळांना तालुका विज्ञान प्रदर्शनाचे वेध लागतात. स्टेशनरीच्या दुकानांत थर्माकोल, छोट्या मोटारी आणि एलईडीच्या माळांचा खप वाढतो, आणि आठवी-नववीची मुले असलेल्या घरांत आईवडील रात्री जागून पाणलोटाच्या प्रतिकृतीला हिरवा रंग देत बसतात. प्रतिकृती जिल्ह्यापर्यंत गेली तर वर्तमानपत्रात फोटो येतो, नाही गेली तर ती शिक्षकांच्या खोलीतल्या कपाटावर चढते आणि पुढच्या वर्षी खाली उतरते, कधी कधी तर नव्या नावाने. या धडपडीची टिंगल करण्याचा आमचा हेतू नाही. पुस्तकाबाहेर काहीतरी करायला मिळते म्हणून मुले हे दिवस मनापासून जगतात. पण त्या प्रतिकृतीची एक उणीव रंगाने झाकत नाही. ती चुकली तरी कोणाचे काही अडत नाही. मुलांनी विज्ञान हाताने शिकावे, हे आता सगळेच म्हणतात आणि सरकारी धोरणांतही ते लिहिलेले असते. आमचे म्हणणे त्याच्या पुढचे आहे. माध्यमिक शाळेतल्या हातकामाला गावात, वस्तीत, सोसायटीत खरेखुरे गिऱ्हाईक हवे. त्याला त्या कामाच्या उत्तराची गरज असली पाहिजे, आणि उत्तर चुकले तर जाब विचारायला ते शाळेच्या दारात आले पाहिजे.

असे म्हणण्याला आधार आहे. शिक्षणाच्या स्थितीच्या ‘असर’ या २०२३ सालच्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींना पट्टीवर ठेवलेल्या वस्तूची लांबी विचारली होती. वस्तू शून्यापासून ठेवली होती तेव्हा सुमारे ८५ टक्के मुलांनी बरोबर उत्तर दिले. तीच वस्तू पट्टीवर थोडी पुढे सरकवली, तेव्हा बरोबर उत्तरे ३९ टक्क्यांवर आली. यातली बहुतेक मुले वर्षानुवर्षे शाळेत गेलेली आहेत आणि आठातून तीन वजा करणे त्यांना अवघड नाही. जिथे मोजमापाची सुरुवात शून्यापासून होत नाही, अशा कामाशी त्यांची कधी गाठच पडलेली नसते. आता हेच एका साध्या पर्जन्यमापकात पाहा. पाण्याची रिकामी बाटली कापायची, वरचा भाग उलटा करून नरसाळ्यासारखा बसवायचा आणि बाहेरून पट्टी चिकटवायची. बाटलीचा तळ खाचाखोचांचा असतो, म्हणून जिथून भिंत सरळ होते तिथपर्यंत आधी पाणी भरून त्या रेषेला शून्य धरावे लागते. समजा, ही रेषा पट्टीवर तीन सेंटिमीटरवर आली. सकाळी पाणी आठवर दिसले, तर रात्रीचा पाऊस पाच सेंटिमीटर, म्हणजे पन्नास मिलिमीटर. तीन वजा करायचे राहिले तर वहीत ऐंशी मिलिमीटर लागतो. आपल्या राज्यात महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात, हे शेतकऱ्याला पाठ असते. त्यामुळे ऐंशीचा आकडा फळ्यावर लागला की दुपारपर्यंत दोघेतिघे शाळेत येऊन विचारतील, “मंडळाच्या यंत्रावर एवढा का नाही?” बाटलीतल्या आकड्यावर नुकसानभरपाई मिळत नाही, हे त्यांनाही ठाऊक असते. पण त्यांना तोंड देताना वर्गाला शून्याची रेषा जितकी पक्की समजेल तितकी ती दहा स्वाध्यायांनीही समजणार नाही. आणि एक मिलिमीटर पाऊस म्हणजे हेक्टरी दहा हजार लिटर पाणी हे गणित एकदा हाताला लागले, की आपल्या शिवारात त्या रात्री किती पाणी पडले आणि त्यातले अडले किती, हा प्रश्न मुले स्वतःहून विचारू लागतात.

गिऱ्हाइकाचा हा मुद्दा आमचा नवा शोध नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी तो चार दशकांपूर्वी पुणे जिल्ह्यातल्या पाबळमध्ये अमलात आणला. अमेरिकेत डॉक्टरेट करून आलेले आणि हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात काम केलेले कलबाग १९८३ साली शिरूर तालुक्यातल्या या अवर्षणग्रस्त गावात राहायला गेले आणि त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून उभ्या राहिलेल्या ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ या अभ्यासक्रमाला राज्याच्या माध्यमिक मंडळाची मान्यता मिळाली. आठवी ते दहावीच्या मुलामुलींनी आठवड्यातला एक दिवस हाताने काम करायचे आणि त्या कामांचे चार गट असायचे. वेल्डिंग, सुतारकाम, बांधकाम हा एक. वीज आणि पर्यावरण हा दुसरा. शेती-पशुपालन हा तिसरा. घर आणि आरोग्य हा चौथा. शिकवायला गावातलीच हुन्नरी माणसे. आम्हाला यातली सर्वांत शहाणपणाची वाटते ती अट पुढची आहे. शिकलेले काम गावाला सेवा म्हणून द्यायचे आणि त्याचा खर्च वसूल करायचा. शेतकऱ्याने पैसे मोजून मातीची चाचणी करून घेतली की तो अहवाल वाचतो, शंका विचारतो. फुकटचा अहवाल पंचांगाखाली दबून जातो. शाळेचे मोडके बाक मुलांनी जोडले तर सांधा पक्का आहे की नाही हे दुसऱ्या दिवशी त्यावर बसणारेच सांगतात. गुण द्यायला वेगळा परीक्षक लागत नाही. अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेरची पहिली ‘फॅब लॅब’ २००२ साली याच पाबळमध्ये सुरू झाली. संगणकावर आराखडा काढून यंत्राने वस्तू कापण्याचे तंत्र तिथे रुजले त्याआधी जवळजवळ वीस वर्षे, आपल्या वस्तूची गावाला गरज आहे का, हे विचारायची सवय त्या परिसराला लागलेली होती.

यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप मात्र शिक्षणशास्त्राचा नाही, जातीचा आहे. हाताने काम करून शिका, हा उपदेश नेमका कोणाच्या मुलांना केला जातो? डॉक्टर-वकिलांची मुले कोटाच्या शिकवण्यांत, आणि गावातल्या मुलांना वेल्डिंग आणि गांडूळखत. ही शंका हवेतली नाही. १९५३ साली मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजगोपालाचारींनी ग्रामीण प्राथमिक शाळांचे तास कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी घरचा धंदा शिकावा, अशी योजना आणली. घरचा धंदा म्हणजे बापाचा आणि बापाचा म्हणजे जातीचा, हे ओळखून पेरियार आणि द्रविड चळवळीने तिच्याविरुद्ध रान उठवले. पुढच्याच वर्षी राजगोपालाचारी पायउतार झाले आणि त्यांच्या जागी आलेल्या कामराजांनी ती योजना गुंडाळली. ती गुंडाळली गेली हे योग्यच झाले. वर्ध्यात १९३७ साली मांडल्या गेलेल्या नई तालीमकडेही अनेकांनी याच संशयाने पाहिले, आणि मुलांनी काढलेल्या सुतावर शाळेचा खर्च भागावा या अपेक्षेत बालमजुरीचा वास होताच. तरीही हाताच्या शिक्षणाचा सगळा वारसा त्या एका बाजूचा नाही. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले, तेव्हा वाचन-लेखन-हिशेबाबरोबर शेतीचे प्रात्यक्षिक ज्ञान आणि जमेल तिथे शाळेला जोडून छोटी नमुना शेती मागितली. त्यांना शूद्रातिशूद्रांची मुले शेतात डांबून ठेवायची नव्हती. ज्यांच्या घामावर राज्याचा वसूल चालतो, त्यांच्या हाती त्याच शेतीचे शास्त्र यावे, अशी ती मागणी होती. फरक कामात नाही, ते कोण करते आणि त्यातून काय हाती लागते यात आहे. म्हणून या बाबतीत तडजोड चालणार नाही, असे आमचे मत आहे. वर्गातल्या प्रत्येकाने प्रत्येक गटाचे काम केले पाहिजे. वेल्डिंगचा मुखवटा मुलीनेही घालावा, पोळीतल्या पिठाचा आणि लोहाचा हिशेब मुलानेही मांडावा. हे फक्त जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांच्या माथी मारले गेले आणि महागड्या इंग्रजी शाळा त्यातून सुटल्या, तर पेरियारांचा आक्षेप आपल्यालाही लागू होईल.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसांचा: पोरांच्या आकड्यांवर विश्वास कोण ठेवणार? काही बाबतींत ठेवूच नये. उदाहरणार्थ, तपासणीसाठी रक्त काढणे हे प्रशिक्षित आरोग्य कर्मचाऱ्याचे काम आहे. मुलांनी नोंदी ठेवाव्यात, तक्ते मांडावेत, सुई हातात घेऊ नये. पण बऱ्याच चाचण्या अशा आहेत की त्या मुलांना करता येतात आणि गावाला रोज लागतात. नळाच्या पाण्यातला क्लोरिन तपासणारी ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणी घ्या. टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकल्यावर अर्ध्या तासाने पाणी घ्यायचे, परीक्षानळीत द्रावणाचे थेंब टाकायचे आणि आलेला पिवळा रंग तक्त्याशी जुळवायचा. रंग आलाच नाही, तर पाण्यात उरलेला क्लोरिन नाही. नळापर्यंत लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन उरावा, असे भारतीय मानक सांगते. टाकीपाशी पिवळा रंग येतो आणि गावाच्या शेवटच्या टोकाच्या नळाला येत नाही, असे दिसले की खरा अभ्यास सुरू होतो. पाइप कुठे गटारातून जातो? पावडरीचे पोते किती दिवस उघडे पडले आहे? ताज्या पावडरीत तेहतीस टक्क्यांच्या आसपास क्लोरिन असतो आणि दमट खोलीत तो उडून जातो, म्हणून ठरलेले माप टाकूनही उपयोग होत नाही. रसायनशास्त्राच्या पुस्तकातला एक अख्खा धडा त्या पोत्यात असतो. अचूकतेचा उपायही सोपा आहे: दोन गटांनी एकमेकांचे न बघता तीच चाचणी करायची, आणि आकडे जुळले नाहीत तर तसे लिहायचे.

खरी अडचण आकडा चुकण्याची नसतेच, तो बरोबर येण्याची असते. शेवटच्या नळाला क्लोरिन नाही हे नववीच्या मुलींनी फळ्यावर लिहिले, की संध्याकाळपर्यंत मुख्याध्यापकांना फोन येतो. शाळेची इमारत ग्रामपंचायतीच्या जागेत, शाळा व्यवस्थापन समितीत सरपंचांचा मेहुणा, आणि शिक्षकांच्या मानेवर बदलीची टांगती तलवार. या गणितात शिक्षक थर्माकोलचा ज्वालामुखी निवडतात, त्यात नवल नाही. त्याच्या लाव्ह्याने कोणी दुखावत नाही. त्यांना भित्रे म्हणणे सोपे आहे. त्यापेक्षा रीत घालून देणे उपयोगाचे. आकडा आधी पाण्यात पावडर टाकणाऱ्या ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला दाखवावा, त्याच्यासमोर चाचणी पुन्हा करावी, आठवडाभराने तिसऱ्यांदा करावी आणि मग तक्ता ग्रामसभेपुढे ठेवावा, कोणाचे नाव न घेता. जलसुरक्षक हा बहुधा तुटपुंज्या मानधनावरचा माणूस असतो आणि बंद डब्यात पावडर ठेवायला त्याला कोणी डबाच दिलेला नसतो, हेही त्यात बाहेर येते. विज्ञान आणि नागरिकशास्त्र हे वेगळे विषय आहेत, ही समजूत अशा वेळी टिकत नाही.

परीक्षेचा आणि वेळेचा आक्षेप आम्ही थोडक्यात उरकतो, कारण त्याचे उत्तर देशात एकदा देऊन झाले आहे. मध्य प्रदेशात १९७२ साली सोळा शाळांत सुरू झालेला होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम पुढे जवळजवळ हजार शाळांत पोहोचला. त्याची परीक्षा पुस्तक उघडे ठेवून होत असे आणि प्रात्यक्षिकाला त्यात खरे वजन होते. म्हणजे सरकारी शाळांत, सरकारी शिक्षकांकडून, परीक्षा बदलता येते. २००२ साली सरकारने तो कार्यक्रम बंद केला, त्यातही एक धडा आहेच: सरकारी आदेशावर उभे राहिलेले काम आदेशानेच बसते. शिक्षकांवर निवडणुकीपासून जनगणनेपर्यंतची कामे लादून वर प्रकल्पांची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे, हा मुद्दा आम्हाला पूर्ण मान्य आहे. त्यावर युक्तिवाद नको, ती कामे कमी करायला हवीत.

आता पैसा नाही असे म्हणण्याची सोय राहिलेली नाही. अटल टिंकरिंग लॅबसाठी २०१६ पासून एकेका शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान मिळत आले आहे. अशा दहा हजार प्रयोगशाळा झाल्या आणि २०२५च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत आणखी पन्नास हजारांची घोषणा झाली. त्रिमिती प्रिंटर आणि रोबोटचे संच यांना आमचा विरोध नाही. पंधरा वर्षांच्या मुलीला सेन्सर जोडता आला तर ती पाण्याची टाकी भरून वाहायच्या आत पंप बंद करणारी जोडणी करू शकते, आणि भारनियमनात वीज रात्री-अपरात्री येते तिथे अशा जोडणीला उद्या सकाळी गिऱ्हाईक आहे. तोच संच खोक्यावरच्या चित्राप्रमाणे जोडून पाहुण्यांपुढे चालवला आणि परत खोक्यात भरला, तर तो वीस लाखांचा ज्वालामुखीच. शहरातही गिऱ्हाइकांचा तुटवडा नाही. एडिस डासाची अंड्यापासून डासापर्यंतची वाटचाल आठ-दहा दिवसांची असते, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा असे महापालिका सांगते. सोसायटीतल्या मुलांनी फ्रिजमागचे ताट, कुंडीखालची बशी आणि गच्चीवरचे टायर बघत दर रविवारी शंभरातल्या किती घरांत अळ्या सापडल्या याचा आकडा लिफ्टजवळ लावला, तर डेंग्यूच्या मोसमात तो सूचनाफलकावरच्या इतर कोणत्याही कागदापेक्षा जास्त वाचला जाईल. तिसऱ्या मजल्यावरच्या कोणाला तरी त्याचा रागही येईल.

१९९३ पासून भरणाऱ्या राष्ट्रीय बाल विज्ञान काँग्रेसने दहा ते सतरा वर्षांच्या मुलांना गटाने स्थानिक प्रश्नाचा अभ्यास करायला लावला, ही मोठीच गोष्ट. पण तिचाही ओढा वरच्या दिशेला राहिला: अहवाल जिल्ह्याकडून राज्याकडे, राज्याकडून देशाकडे. ज्या वस्तीत तो जन्मला तिकडे परत जायला त्याला वाटच आखून दिलेली नव्हती. ती वाट आखायला नवे मंडळ किंवा नवे धोरण नको. येत्या डिसेंबरातल्या तालुका प्रदर्शनात परीक्षकांच्या गुणपत्रिकेतले मांडणी आणि सजावटीचे गुण कमी करून दोन रकाने वाढवले तरी पुरे. हे काम कोणासाठी केले, हा पहिला. त्याने त्याचे पुढे काय केले, हा दुसरा. दुसऱ्या रकान्यात दरवेळी यशच असावे, असा आग्रह परीक्षकांनी धरू नये. सरपंचांनी कागद घेतला, घडी घालून खिशात ठेवला आणि अजून काही केलेले नाही, हेही तिथे लिहिता येईल. फक्त तारीख घालावी.