विश्लेषण : गाडी एकच, मग दोन ‘डायनो’वर ताकदीचे आकडे वेगळे का?

इंजिनाचे रीमॅपिंग केल्यावर गॅरेजमधून मिळणारा ‘डायनो’चा आलेख गाडीप्रेमींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सर्रास फिरतो. त्यावरून कोणाची गाडी सरस, कोणता ट्यूनर भारी, हे ठरवले जाते. मात्र तीच गाडी दुसऱ्या यंत्रावर चढवली, की आकडा दहा-पंधरा अश्वशक्तीने बदलू शकतो. यामागे दरवेळी लबाडी असतेच असे नाही. तरीही या आकड्यावर विसंबून हजारो रुपये मोजणारा ग्राहक फसू शकतो.

कंपनीचा आकडा आणि डायनोचा आकडा एकच असतो का?

नाही. कंपनी जाहीर करते ती ताकद प्रयोगशाळेत, इंजिन गाडीबाहेर ठेवून क्रँकशाफ्टपाशी मोजलेली असते. रोलिंग रोड डायनोमीटरवर अख्खी गाडी चढते, तिची चाके रोलर फिरवतात आणि ताकद चाकांपाशी मोजली जाते. मधल्या वाटेत गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि टायर आपापला वाटा खातात. ही घट सरसकट १५ टक्के धरून इंजिनाची ताकद सांगितली जाते, पण तो अंदाज असतो, मोजमाप नव्हे. एककाचाही घोळ असतो. १०० बीएचपी म्हणजे सुमारे १०१.४ पीएस.

सगळे डायनो सारखेच मोजतात का?

मुख्य प्रकार दोन. ‘इनर्शिया’ डायनोत जड रोलर किती झपाट्याने वेग घेतो, त्यावरून ताकद काढली जाते. यात चाकांना वेग देण्यातही ताकद खर्च होते, त्यामुळे जड अलॉय व्हील बसवले तरी आकडा घसरतो. दुसऱ्या प्रकारात चुंबकीय ब्रेक रोलरला विरोध करतो आणि त्यावर येणारा टॉर्क मोजला जातो. येथे चाचणी जास्त वेळ चालू शकते, इंजिन तापते, टर्बोला पूर्ण दाब धरायला वेळ मिळतो. शिवाय टायरमधील हवा, गाडी बांधणाऱ्या पट्ट्यांचा ताण आणि निवडलेला गिअर यांनीही निकाल हलतो.

हवामानाचा काय संबंध?

हवा विरळ किंवा गरम असली की इंजिनाला ऑक्सिजन कमी मिळतो. म्हणून सॉफ्टवेअर आकडा ठरावीक हवामानानुसार दुरुस्त करते. ‘एसएई जे१३४९’ मानक २५ अंश तापमान धरते, तर जर्मनीचे ‘डीआयएन ७००२०’ २० अंश. अमेरिकेतील जुनी ‘एसटीडी’ दुरुस्ती ‘एसएई’पेक्षा सुमारे ४ टक्के जास्त आकडा देते. म्हणजे मेनूतला एक पर्याय बदलला, की १५० चे १५६ होतात.

पुण्यात हवेचा दाब मुंबईपेक्षा सुमारे ६ टक्के कमी असतो. साध्या पेट्रोल इंजिनाला त्याचा फटका बसतो, म्हणून दुरुस्ती योग्य ठरते. टर्बो मात्र ही कमतरता बऱ्याच अंशी स्वतःच भरून काढतो. त्यावर पुन्हा तीच दुरुस्ती लावली, तर न गमावलेली ताकदही बेरजेत येते.

मग डायनो निरुपयोगी आहे का?

तसे नाही. १९९९ च्या फोर्ड मस्टँग कोब्राची ताकद कंपनीने ३२० अश्वशक्ती सांगितली होती. अमेरिकेतील मालकांनी गाड्या डायनोवर नेल्या, तेव्हा चाकांपाशी मिळणारा आकडा दाव्याच्या मानाने बराच कमी निघाला. अखेर फोर्डने त्या गाड्या परत बोलावून इनटेक मॅनिफोल्ड, एक्झॉस्ट आणि इंजिनाचा संगणक यांत बदल करून दिले. एका गाडीचा एक आकडा वादाचा ठरू शकतो, पण अनेक गाड्या एकाच दिशेने कमी भरल्या की शंकेला आधार मिळतो.

ग्राहकाने काय पाहावे?

• आधीची व नंतरची चाचणी एकाच यंत्रावर, त्याच दिवशी, त्याच गिअरमध्ये झाली का?

• आकडा चाकांचा की क्रँकशाफ्टचा? दुरुस्ती कोणती लावली?

• प्रत्येक वेळी किमान तीन फेऱ्या घेतल्या का? त्यांच्यातच ४ अश्वशक्तीचा फरक असेल, तर ३ अश्वशक्तीच्या वाढीला अर्थ नाही.

• तापमानाचा सेन्सर कुठे होता? तो गरम इंजिनाजवळ असेल, तर दुरुस्त आकडा फुगतो.

दोन गॅरेजांच्या आलेखांची तुलना करण्यापेक्षा एकाच यंत्रावरचा आधीचा आणि नंतरचा फरक पाहावा. पैसे त्या फरकाचे मोजायचे असतात.