गॉडझिलाचं काळीज

'टू फास्ट टू फ्युरियस' आठवतोय? २००३चा. त्यातली पॉल वॉकरची चंदेरी-निळी गाडी आपल्यापैकी अर्ध्या जणांच्या कॉम्प्युटरवर कधी ना कधी वॉलपेपर म्हणून येऊन गेली असणार. ती होती निसान स्कायलाइन जीटी-आर, मॉडेल आर३४. तिची थोरली बहीण आर३२ हिने १९९१ आणि १९९२ अशी लागोपाठ दोन वर्षं ऑस्ट्रेलियातली बॅथर्स्टची शर्यत मारली. तिथल्याच पत्रकारांनी तिला 'गॉडझिला' म्हणायला सुरुवात केली होती. आपल्याकडे तीन वर्षांहून जुनी वापरलेली गाडी आयात करायला सहसा परवानगी मिळत नाही, त्यामुळे आपण फक्त बघायचं आणि उसासे टाकायचे. चालायचंच!

पण या राक्षसाचं एक सिक्रेट आहे. त्याचं काळीज नाजूक आहे. काळीज म्हणजे ऑइल पंप.

१९८९च्या आर३२पासून २००२च्या शेवटच्या आर३४पर्यंत या गाड्यांत एकच इंजिन होतं, आरबी२६. सहा सिलिंडर एका ओळीत, २.६ लिटर, दोन टर्बो. कागदावर ताकद २८० पीएस. कारण जपानी कंपन्यांनी आपापसात ठरवलंच होतं की यापेक्षा जास्त आकडा छापायचा नाही. इंजिनात दम मात्र कितीतरी जास्त. मग काय, ज्याच्या हातात गाडी पडते तो आधी टर्बो बदलतो, ५०० हॉर्सपॉवर काढतो, आणि एके दिवशी ऑइलच्या मीटरचा काटा धाडकन शून्यावर येतो.

होतं काय, की हा पंप क्रँकच्या पुढच्या टोकावरच बसतो. क्रँकवर दोन सपाट बाजू केलेल्या असतात, त्यावर पंपाचा आतला गिअर अडकतो. मध्ये बेल्ट नाही, चेन नाही. इंजिन ८००० आरपीएमवर असेल तर गिअरही सेकंदाला १३३ फेऱ्या मारतो. त्यात क्रँक काही गुळगुळीत फिरत नाही, प्रत्येक स्फोटाला थोडा पिळतो आणि सुटतो. रेव्ह लिमिटरवर गाडी तडतडली की हे झटके आणखी वाढतात. मूळ गिअर धातूची पावडर दाबून, भाजून केलेला असतो. रोजच्या वापराला ठीक, पण असे झटके खाऊन तो तडकतो. सुरुवातीच्या आर३२मध्ये तर क्रँकची ती सपाट जागाही अरुंद होती. म्हणजे सगळा मार गिअरच्या छोट्याशा पट्टीवर.

आणि पंप मेला की पुढचा खेळ काही सेकंदांचा. क्रँक आणि बेअरिंग यांच्यात फक्त ऑइलचा थर असतो, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजावा असा. तो गेला की धातूवर धातू. (तुमच्या ऑफिसला जायच्या हॅचबॅकमध्येही लाल ऑइलचा दिवा लागला की 'पुढच्या पंपापर्यंत जाऊ' म्हणू नका बॉस. तिथेच बंद करा.)

म्हणून इंजिन खोललंच आहे तर पंप बदलायचा. नुसता पंप बदलायला जाल तर टायमिंग बेल्ट, पुली, खालचं चेंबर, सगळं काढावं लागतं. आणि या फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीत पुढचा डिफरन्शियल चेंबरलाच बोल्ट केलेला! म्हणजे जवळपास इंजिन उतरवणंच. रीबिल्डमध्ये हे सगळं तसंही बाहेरच असतं. तेव्हा पैसे वाचवायचे तर रंगात वाचवा, रिम्समध्ये वाचवा, इथे नको. सॉलिड स्टीलमधून कापलेल्या गिअरचा पंप घ्यायचा आणि क्रँक सुरुवातीचा असेल तर त्यावर रुंद कॉलर गरम करून चढवून घ्यायची. निसानचाच एन१ नावाचा पंप जास्त ऑइल देतो, पण त्याचे गिअर त्याच दाबलेल्या पावडरचे. माझं मत विचाराल तर जास्त ऑइलपेक्षा न तुटणारा गिअर महत्त्वाचा.

कारण जास्त ऑइलची वेगळीच गंमत आहे. या इंजिनात वर हेडमध्ये ऑइल भरपूर चढतं आणि खाली यायच्या वाटा मात्र अरुंद. सतत हाय आरपीएमवर पळवलं की वर तळं साचतं, खाली चेंबर रिकामं होतं, आणि आपला नवाकोरा महागडा पंप हवा ओढत बसतो! रिझल्ट तोच, बेअरिंग खलास. म्हणून पंपाबरोबर हेडकडे जाणाऱ्या वाटेत मिलिमीटर-दीड मिलिमीटर भोकाचे रिस्ट्रिक्टर बसवतात, परतीच्या वाटा मोठ्या करतात, चेंबरची क्षमता वाढवतात. एक पार्ट घ्यायला गेलात की चार पार्ट घरी येतात. लग्नाच्या खरेदीसारखंच हे.

आधीचं इंजिन बेअरिंग खाऊन मेलं असेल तर ऑइल कूलर नवा घ्या. जुन्यात धातूचा चुरा अडकलेला असतो, कितीही धुतला तरी भरवसा नाही.

आणि सगळं जुळलं की थेट किल्ली फिरवायची नाही. कोरडा पंप ऑइल ओढत नाही, म्हणून बसवतानाच त्यात असेंब्ली ल्यूब भरून ठेवतात. मग स्पार्क प्लग काढून, पेट्रोल बंद ठेवून नुसता स्टार्टर मारायचा, थांबत थांबत, जोवर प्रेशरचा काटा हलत नाही तोवर. काटा उठला की प्लग लावायचे. पहिल्या रनिंगनंतर ऑइल काढून फिल्टर कापून बघायचा. थोडी चमक चालते. तुकडे दिसले तर इंजिन परत खाली.