वायफायचा सार्वजनिक नळ

२०१६ हे साल लातूरकर सहजासहजी विसरणार नाहीत. त्या वर्षी एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर पाणी. त्याच वर्षी जानेवारीत मुंबई सेंट्रल स्थानकावर मोफत वायफाय सुरू झाले होते आणि सप्टेंबरात जिओ बाजारात उतरल्यावर मोबाईलचे इंटरनेट एकदम स्वस्त झाले. पाण्याची आणि इंटरनेटची तुलना काहींना खटकेल. तहान ती तहानच. पण आज आपल्याकडे कोणत्याही घरात डोकावून पाहावे. नळ कधी येणार या प्रश्नाच्या जोडीला नेट चालू आहे का, हाही प्रश्न ऐकू येतो. फरक एवढाच की, पाण्यासाठी आपण आड, पाणपोया, सार्वजनिक नळ उभे केले. वायफायचे मात्र ज्याचे घर त्याचा राऊटर, आणि ज्याच्याकडे नाही त्याने दुसऱ्याच्या भिंतीला टेकून बसावे!

मी नांदेडला राहतो आणि लातूरला माझे जाणेयेणे असते. ‘लातूर पॅटर्न’चा लौकिक झाल्यापासून खेड्यापाड्यांतली मुले या दोन्ही शहरांत खोल्या घेऊन राहतात. नीट, सीईटी, बारावी. शिकवणीचे व्हिडिओ, सराव परीक्षा, अर्ज, हॉलतिकीट, प्रवेशाच्या फेऱ्या, शिष्यवृत्ती, सारे काही आता फोनवर. संध्याकाळी बंद दुकानांच्या ओट्यांवर मुले माना खाली घालून बसलेली दिसतात. एकाला सहज विचारले, तर म्हणाला, ‘‘काका, फिजिक्सचं लेक्चर बघतोय. रूमवर रेंज येत नाही.’’ त्याची अडचण ओट्यावर तरी सुटली. पण त्याच्याच वर्गातली मुलगी रात्री नऊ वाजता अशी ओट्यावर बसू शकते काय? नेटच्या टंचाईची खरी झळ तिला लागते, आणि ती कुणाला दिसतही नाही.

कुणी म्हणेल, डेटा इतका स्वस्त असताना वायफाय हवे कशाला? तो पूर्वीइतका स्वस्त राहिलेला नाही. २०२४ च्या जुलैत खासगी कंपन्यांनी दर वाढवलेच. शिवाय एकाच फोनवर दोन भावंडे शिकत असली, तर दिवसाचा दीड-दोन जीबीचा वाटा दुपारीच संपतो. आणि माळवदाच्या जुन्या घरात, जाड मातीच्या भिंतींआड, पैसे भरूनही टॉवर पोचत नाही.

मग ज्यांच्याकडे वायफाय आहे त्यांनी ते सर्वांना उघडे ठेवावे का? नाही. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटे आधी आलेला ईमेल नवी मुंबईतल्या एका परदेशी गृहस्थाच्या उघड्या वायफायवरून गेला होता. पाठवणारे निराळेच होते, पण पोलीस प्रथम पोचले ते या गृहस्थाच्या दारात. म्हणून पासवर्ड हवाच. शेजारच्या मुलाला मदत करायची असेल, तर बऱ्याच राऊटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळे नेटवर्क काढता येते, ते काढून द्यावे.

जोडणाऱ्यानेही डोळे उघडे ठेवावेत. यादीत दिसणारे नाव कुणीही कसलेही देऊ शकतो. तेव्हा स्थानकावर, दवाखान्यात, हॉटेलात नाव आधी विचारून घ्यावे. नावापुढे कुलूप नसले, तर ते नेटवर्क उघडे आहे असे समजावे आणि त्यावर बँकेचे व्यवहार करू नयेत. रेल्वेचे वायफाय मोबाईल क्रमांक विचारते आणि ओटीपी पाठवते, ते ठीक. पण जोडणीसाठी कुणी यूपीआयचा पिन मागू लागला, तर तिथून उठावे हे बरे. काम झाले की ‘नेटवर्क विसरा’ हे बटण दाबावे, कारण आपला फोन ओळखीचे नाव दिसताच आपणहून जोडला जातो.

एवढी सावधगिरी प्रत्येकाने एकट्याने बाळगण्यापेक्षा खात्रीची सार्वजनिक जागा असणे अधिक चांगले. ती जागा आपल्याकडे आहे. राज्यात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, वाचनालयांना अनुदान मिळते. तिथे खुर्च्या आहेत, पंखा आहे, नोंदवही आहे, लक्ष ठेवणारे ग्रंथपाल आहेत. मुलींना तिथे जायला घरचे नाही म्हणत नाहीत. केंद्राने डिसेंबर २०२० मध्ये पीएम-वाणी योजना मंजूर केली. तीनुसार किराणा दुकानदारालाही परवाना किंवा शुल्काशिवाय सार्वजनिक वायफाय देता येते. दुकानदाराला जे जमते ते वाचनालयाला का जमू नये? भारतनेटची केबल ग्रामपंचायतीपर्यंत नेण्यासाठी सरकार खर्च करते. ग्रामपंचायतीतून पलीकडच्या वाचनालयापर्यंतचे अंतर गावाने कापावे.

मुले तिथे बसून रील पाहतील, ही भीती खोटी नाही. पण ती एकट्याने खोलीवरही पाहतात. चार लोकांत बसलेला मुलगा निदान अधूनमधून पुस्तक उघडतो. कोझिकोडच्या एका विद्यार्थिनीला वसतिगृहातल्या फोनबंदीला विरोध केला म्हणून बाहेर काढले होते. त्यावर सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने इंटरनेट हा शिक्षणाच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले. मुलांच्या हाती फोन देऊन आपण मोकळे होतो. तो जोडायचा कुठे, हे सांगण्याची जबाबदारीही मोठ्यांचीच.

येत्या शैक्षणिक वर्षाआधी नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या प्रत्येक तालुक्यात एका तरी वाचनालयाने हे करून दाखवावे. एका राऊटरचा खर्च वार्षिक सभेतल्या हारतुऱ्यांपेक्षा फार जास्त नसावा. रात्री दहापर्यंत दिवा आणि वायफाय चालू राहिले, आणि मुलींसाठी एक टेबल राखून ठेवले, तरी पुष्कळ झाले.