चौघींचे हात

‘सेलर मून’ ही जपानी चित्रमालिका, पण विषय आपलाच आहे. नाओको ताकेउची या लेखिका-चित्रकर्तीच्या चित्रकथेवरून ती १९९२ साली टीव्हीवर आली. अभ्यासात ढ, रडूबाई, खादाड उसागी जग वाचवते, तीही आपला स्वभाव न सोडता! पहिल्या कथेला ४६ भाग मिळाले. मुलींना भांडायला, रुसायला, उगीच हिंडायला सवड होती.

२०१४ च्या ‘सेलर मून क्रिस्टल’ने तीच कथा १४ भागांत आटोपली. मूळ चित्रकथेशी, म्हणजे एका बाईच्या लेखणीशी, इमान राखलं हे मान्य. पण घाईत पहिली कात्री लागली ती मैत्रीला. वर उसागीच्या चारही मैत्रिणींना पूर्वजन्मीचे प्रियकर जोडून दिले, तेही शत्रूचे सेनापती! जुन्या मालिकेत त्यातल्याच दोन पुरुषांचं एकमेकांवर प्रेम होतं. (अमेरिकेत दाखवताना एकाला चक्क बाई करून टाकलं.)

मुलींना जोडीदार नव्हते, म्हणून त्या अपुऱ्या वाटल्या नाहीत. शेवटच्या लढाईत चौघी एकेक करून मरतात, उसागी बर्फातून एकटी पुढे जाते, आणि तिचं बळ सरत येतं तेव्हा तिच्या हातावर येऊन टेकतात ते त्या चौघींचेच हात.