मांडवाच्या पलीकडे : निवड, वंश आणि आपली आख्यानसमीक्षा

संगणकीय खेळांतील कथनाविषयी आपल्याकडे अलीकडे जे बोलले जाते, त्यात एक विधान इतक्या सहजपणे येते की ते तपासून पाहावे असे कुणाला वाटत नाही. विधान असे : मुद्रित संहितेत वाचक लेखकाच्या हुकमतीखाली असतो, खेळात मात्र नायकाने कुणाशी लग्न करावे हेही खेळणाराच ठरवतो, म्हणून तेथे वाचक खऱ्या अर्थाने मुक्त होतो. या विधानामागे बार्थ आणि एको यांची नावे उभी केली की चर्चासत्राचा निबंध सिद्ध होतो. प्रस्तुत लेखकाला हे विधान अमान्य आहे. 'असल्या खेळांचा वाङ्मयाशी संबंध काय' हा पवित्राही तितकाच अमान्य आहे. याच विषयावरील एका विद्यार्थिनीचा संशोधन-आराखडा 'मराठीचा विषय नव्हे' एवढ्या शेऱ्यानिशी परत आलेला मी पाहिला आहे. तो मराठीचा विषय कसा आहे, ते पुढे येईलच.

प्रथम खेळ. सेगा कंपनीच्या 'फँटसी स्टार ३' (१९९०) या खेळाची कथा तीन पिढ्यांची आहे. ऱ्हीस हा राजपुत्र ओराकी पक्षाचा. त्याची नियोजित वधू माइया ऐन लग्नात पळवली जाते आणि ती शत्रूच्या, म्हणजे लाया पक्षाची असल्याचे पुढे कळते. अखेरीस त्याच्यासमोर माइया आणि स्वपक्षाची लीना असे दोन पर्याय उभे राहतात. माइयाला वरले तर पुत्र एन जन्मतो, लीनाला वरले तर नायल. एनमध्ये आईकडून आलेली मंत्रविद्या असते, नायलमध्ये नसते. या पुत्रालाही पुन्हा दोनांतून एक निवडावी लागते. अशा रीतीने तिसऱ्या पिढीचे चार संभाव्य नायक तयार होतात. या तिन्ही पिढ्यांत न बदलता सोबत राहतात ती दोन यंत्रमानवी पात्रे. माणसे वंश चालवतात, स्मृती यंत्रे वाहतात. ही कल्पना, कुणी काहीही म्हणो, वाङ्मयीनच आहे.

परंतु येथे 'स्वभाव' कोठे आहे? माइया आणि लीना यांच्या वाट्याला आलेली वाक्ये मोजकी. खेळणारा दोन व्यक्तींमधून निवडत नाही. दोन रक्तांमधून निवडतो. 'ड्रॅगन क्वेस्ट ५' (१९९२) मध्ये बियांका आणि फ्लोरा यांच्यातील निवड भावनेला अधिक हात घालते हे खरे; पण कुणालाही वरा, जुळी मुलेच होतात, नियत वीर तो मुलगाच ठरतो, आणि दिसण्यात फरक पडतो तो मुख्यतः केसांच्या रंगात. १९९६ च्या 'फायर एम्ब्लेम'मध्ये तर कोणत्या स्त्रीची जोडी कुणाशी लावली यावर पुढच्या पिढीचे कसब आणि शस्त्रे ठरतात. येथे खेळणारा वाचक नाही, लेखकही नाही; तो वधूवरसूचक मंडळाचा चिटणीस आहे. त्याला 'मुक्त' म्हणणे हा शब्दाचा अपव्यय होय.

आता आपल्याकडे पाहू. दमयंती, इंदुमती, रुक्मिणी या वरणाऱ्या स्त्रिया विदर्भाच्या. आमच्या अमरावती जिल्ह्यात वर्धेच्या काठी कौंडण्यपूर आहे. रुक्मिणीचे माहेर म्हणून तेथून पालखी पंढरपूरला जाते. भाऊ रुक्मी शिशुपालाला शब्द देऊन बसला असताना ती ब्राह्मणाहाती निरोप धाडते. खेळातील निवडीचे रूप येथे नेमके उलटे आहे : पर्याय म्हणून उभी केलेली स्त्रीच निवड करते. महदंबेने ऋद्धिपूर येथे गोविंदप्रभूंच्या विवाहसोहळ्याच्या निमित्ताने 'धवळे' रचले. नरेंद्राने 'रुक्मिणीस्वयंवर' लिहिले. एकनाथांनी १५७१ मध्ये काशीत आपले 'रुक्मिणीस्वयंवर' पूर्ण केले. या आख्यानपरंपरेचा संकेत एकच, मांडवाशी थांबणे. प्रॉपने १९२८ मध्ये परीकथांची जी कार्ये मांडली, त्यांतले अखेरचे कार्यही विवाहच.

कवी थांबले याबद्दल तक्रार नाही. तो प्रकाराचा धर्म होता. तक्रार समीक्षेबद्दल आहे. तीही तेथेच थांबली. जुन्यांनी अलंकार आणि रस मोजले, काहींनी जीवशिवाचे रूपक उलगडले, आणि आताची पिढी निरोपातील स्त्रीचा स्वर ऐकून समाधान पावते. निवडीचे पुढे काय झाले, हा प्रश्न पदव्युत्तर वर्गात क्वचितच विचारला जातो.

झाले ते भागवताच्या दशमस्कंधातच आहे. पराभूत रुक्मी कुंडिनपुरास परतत नाही. भोजकट वसवून तेथे राहतो. (भोजकट केवळ पुराणातले नव्हे, अचलपूरजवळच्या चमक येथील वाकाटक ताम्रपटात त्या राज्याचे नाव आहे.) त्याची मुलगी रुक्मवती स्वयंवरात रुक्मिणीच्याच मुलाला, प्रद्युम्नाला, वरते. तिसऱ्या पिढीत रुक्मीची नात रोचना अनिरुद्धाला दिली जाते. वैर मनात आहे, तरी बहिणीच्या प्रेमापोटी रुक्मी संबंध मान्य करतो. त्याच लग्नात द्यूत मांडले जाते, आणि खोटेपणा व उपहास यांनी चिडलेला बलराम रुक्मीला ठार करतो. यादवांच्या संहारातून उरणारा वज्र हा याच रोचनेच्या विवाहाचा पुत्र.

तीन पिढ्या, तीन विवाह, शत्रुपक्षाच्या रक्तातून चाललेला वंश : आराखडा थेट त्या जपानी खेळाचाच वाटावा. भेद कोठे आहे? खेळात निवड साठवून ठेवता येते, मागे जाऊन दुसरी वधू वरता येते. म्हणून तेथे निवडीने निवडणारा बदलत नाही. बदलतो तो पुढचा पुत्र, तोही गुणांच्या कोष्टकात. मात्र विवाह हा कथेचा शेवट नसून पुढच्या पिढीवर टाकलेला भार आहे, हे खेळाने ओळखले आणि आपल्या समीक्षेने ओळखले नाही. पात्राचा स्वभाव एका आख्यानात पुरा होतो, हे गृहीतकच सोडावे लागेल. पिढी हा कथनमीमांसेचा घटक मानावा लागेल.

पुराणांतल्या वंशावळी म्हणजे कथन नव्हे, असा आक्षेप येईल. रुक्मीवधाचा प्रसंग वाचावा. मेहुणा मारला गेल्यावर कृष्ण बरे म्हणत नाही, वाईटही म्हणत नाही. रुक्मिणी किंवा बलराम यांच्या स्नेहाला तडा जाईल या भीतीने तो गप्प राहतो, असे भागवतकार सांगतो. कोष्टकात मावणारे हे वाक्य नव्हे. कृष्णाच्या मौनाला तेथे कारण दिले आहे. जिने निवड केली, जिच्या नातवाच्या लग्नात तिचा भाऊ पडला, त्या रुक्मिणीने त्या वेळी काय केले, याबद्दल मात्र संहितेत एक अक्षर नाही.