पट्टा कमरेला, पण जबाबदारी कोणाची?

परळीच्या औष्णिक केंद्रात १९७१ साली वीजनिर्मिती सुरू झाली. तेव्हापासून विजेने बीड जिल्ह्यात अनेक घरांना रोजी दिली. आय.टी.आय.मधून वायरमनचा कोर्स करून निघालेली मुले कोणी महावितरणमध्ये, कोणी ठेकेदाराकडे, तर कोणी स्वतःच्या दुकानात काम करतात. याखेरीज गावोगावी 'झिरो वायरमन' असतो. त्याला नेमणूक नाही, विमा नाही. डी.पी.चा फ्यूज उडाला की गाव त्यालाच हाक मारते. तो पक्कड घेऊन चढतो. कमरेला पट्टा नसतोच.

'पाच मिनिटांचे तर काम आहे,' हे उत्तर नेहमीचेच. पण आठ-नऊ मीटरच्या पोलवरून पडायला दोन सेकंदही लागत नाहीत. हलका झटकासुद्धा हात सोडवायला पुरेसा असतो.

मात्र पट्टा बांधला म्हणजे झाले, असेही नव्हे. पट्टा पोटावर नको, कमरेच्या हाडावर बसला पाहिजे. पोलभोवतीचा दोर दोन्ही बाजूंच्या कड्यांत एकेक हूक घालून अडकवावा. हूक बसल्याचा 'टक' आवाज ऐकून भागत नाही, डोळ्यांनी पाहावे. मगच हात सोडून हळूहळू वजन टाकावे. दोर पोलच्या अगदी टोकाशी बांधू नये, वरून निसटतो. चढण्याआधी शिवण उसवली आहे का, कड्याला गंज वा तडा आहे का, हे रोज तपासावे. एकदा पडता माणूस तोललेला पट्टा पुन्हा वापरू नये.

दुसरी गोष्ट, हा पट्टा उभे राहून काम करण्यासाठी आहे. उंचावरून पडणाऱ्याला अडविण्यासाठी नुसता कमरपट्टा पुरत नाही. सगळा झटका पोटावर आणि मणक्यावर येतो. म्हणूनच अमेरिकेत बांधकामावर १९९८ पासून त्यासाठी पूर्ण अंगाचा हार्नेस सक्तीचा आहे.

तिसरी गोष्ट, पोलच कोसळला तर पट्टा माणसाला पोलसकट खाली नेतो. आपल्याकडील काळी माती पावसाळ्यात ढिली पडते, लोखंडी पोल बुडाशी गंजतो. म्हणून आधी बूड आणि ताण पाहावा. लाइन बंद करून, टेस्टरने तपासून, अर्थिंग केल्याशिवाय तारेला हात लावू नये. कोणाच्या जनरेटरची वीज उलटी कधी येईल, सांगता येत नाही.

आता मूळ प्रश्न. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०१० चे सुरक्षा विनियम व त्यानंतरचे २०२३ चे विनियम यांनुसार लाइनवर काम करणाऱ्याला हातमोजे, रबरी बूट, सेफ्टी बेल्ट, शिडी, हेल्मेट पुरविले पाहिजे आणि ते सुस्थितीत ठेवले पाहिजे. म्हणजे पट्टा ही कामगाराची हौस नव्हे. काम देणाऱ्याचे ते देणे आहे. पण कमी दराने काम घेणारा ठेकेदार पहिली काटछाट इथेच करतो.

आम्हांला असे वाटते की निविदेत सुरक्षा साहित्याची रक्कम वेगळी दाखवावी. त्यात कमी दर लावण्याची मुभा नसावी. आमच्या दुकानदार बंधूंनी भारतीय मानक ३५२१ ची खूण नसलेला पट्टा विकू नये; चार पैसे कमी सुटले तरी चालतील. उस्तादांनी हाताखालच्या पोराला पक्कड देण्याआधी पट्टा बांधायला शिकवावे. आणि गावकऱ्यांनी अंधार झाला म्हणून झिरो वायरमनला पोलवर चढण्याची गळ घालू नये. एक रात्र अंधारात काढता येते. कर्ता मुलगा गेलेल्या घरातला अंधार मात्र फ्यूज बसवून जात नाही.