मराठीचा ‘का’ आणि इंग्रजीचा ‘डू’

परवा आमची सातवीतली कन्या शाळेतून आली ती तोंड पाडूनच. झाडे रात्रीही श्वास घेतात का, अशी शंका तिला विज्ञानाच्या तासाला आली होती.

“मग विचारली का नाहीस?”

“इंग्रजीत वाक्य जुळेना, बाबा. मागे मी ‘डिड यू वेन्ट’ म्हटलं, तर सगळा वर्ग हसला होता.”

मी पडलो मराठीचा मास्तर. तरी म्हटले, बस इथे.

मराठीत प्रश्न करणे किती सोपे! ‘तो आला’ याच्या शेवटी ‘का’ लावला की झाले. एकही शब्द जागचा हलत नाही. (हाच ‘का’ मधे घालून ‘तो का आला?’ म्हटले, की मात्र नुसत्या हो-नाहीवर सुटका नाही!) इंग्रजीत प्रश्नाची खूण वाक्याच्या आरंभी. ‘शी इज कमिंग’ मधले ‘इज’ कर्त्याच्या आधी जाऊन बसले, की ‘इज शी कमिंग?’ ‘कॅन’ आणि ‘विल’ यांचेही तसेच. पण ‘यू वेन्ट’ मध्ये पुढे जायला साहाय्यक क्रियापद आहेच कुठे? मग ‘डू’ला बोलवायचे. भूतकाळाचे ओझे तोच उचलतो, म्हणून ‘डिड’ होतो; आणि ‘वेन्ट’ मोकळा होऊन पुन्हा ‘गो’ होतो. ‘डिड यू गो?’ एका ओझ्याला दोन हमाल कशाला?

“पण हा ‘डू’ हवाच कशाला?” कन्येने विचारले.

प्रश्न बिनतोड होता. शेक्सपिअर वारला १६१६ साली. त्याच्या नाटकांत ‘डू’ घेऊन केलेले प्रश्न आहेत, तसे ‘डू’वाचून, मूळ क्रियापदच पुढे आणून केलेलेही आहेत. आजचा नियम त्यानंतर पक्का झाला. म्हणजे खुद्द इंग्रजांना जो अंगवळणी पडायला पिढ्या लागल्या, तो आमच्या पोरांनी एका तासात पाठ करावा!

तेव्हा वाचकहो, घरातले मूल ‘डिड यू वेन्ट’ म्हणाले तर हसू नका. चुकलेले वाक्य उद्या सुधारेल. गिळलेली शंका मात्र पुन्हा वर येईलच असे नाही.

दुसऱ्या दिवशी कन्या उड्या मारीत आली.

“विचारलंस?”

“विचारलं! ‘डू’च्या जागी ‘डज’ म्हणाले, पण उत्तर मिळालं. झाडं रात्रीही श्वास घेतात, बाबा!”